चिखलातली तार, गंजातला श्वास

घराचा स्लॅब टाकताना कधी पाहिलाय? खाली मिक्सर घरघरत असतो, शिडीवर आणि परांचीवर माणसांची रांग लागलेली असते आणि काँक्रीटचं घमेलं हातोहात वर चढत जातं. आता समजा, अगदी टोकावरच्या माणसाने घमेलं ओतून घेणं थांबवलं. क्षणभरात खालची सगळी रांग भरलेली घमेली हातात धरून खोळंबते. मिक्सरही बंद करावा लागतो.

आपण गुदमरतो तेव्हा पेशीपेशीत हेच घडतं.

तिथे घमेल्याच्या जागी इलेक्ट्रॉन असतात. खाल्लेल्या भाकरीतून काढलेले इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात बसलेल्या प्रथिनांच्या रांगेतून हातोहात पुढे सरकतात. फरक एवढाच, की घमेली वर चढतात आणि इलेक्ट्रॉन उतरणीला लागलेले असतात. प्रत्येक पायरीवर थोडी ऊर्जा सुटते. तिच्या जोरावर प्रोटॉन आवरणापलीकडे ढकलले जातात आणि तिकडे तुंबलेले प्रोटॉन परत येताना एक चिमुकलं चक्र फिरवतात, कोयनेचं पाणी टर्बाइन फिरवतं तसं. त्या चक्रातून पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, तयार होतं. पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा ती भल्याभल्यांना पटली नव्हती. १९७८ मध्ये त्याच कल्पनेला नोबेल मिळालं.

आणि ऑक्सिजन? तो रांगेच्या टोकाचा माणूस. आलेले इलेक्ट्रॉन घ्यायचे, जोडीला प्रोटॉन घ्यायचे आणि पाणी होऊन बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. सायनाइड मारतं ते इथेच. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण त्याच्या हाती इलेक्ट्रॉन देणारं शेवटचं प्रथिन जखडलं जातं आणि मागची सारी रांग ठप्प होते.

म्हणजे श्वासाचा खरा प्रश्न हवेचा नाही. वापरून झालेले इलेक्ट्रॉन टाकायचे कुठे, हा आहे. एकदा प्रश्न असा मांडला की ऑक्सिजनची सक्तीच उरत नाही. इलेक्ट्रॉन घेणारं कुणीही चालेल. गंज चालेल, दगड चालेल, शेजारचा जिवाणू चालेल, अगदी विजेची तारही चालेल. फक्त हे सगळे पेशीच्या बाहेर असतात आणि तिथेच खरी गंमत सुरू होते.

हवेतल्या ठिणगीच्या दसपट

पुढे जाण्याआधी एक हिशेब. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या आवरणाच्या दोन बाजूंमध्ये साधारण १५० मिलिव्होल्टचा फरक असतो. घड्याळातल्या बारीक सेलच्या एक दशांश, म्हणजे अगदीच किरकोळ. पण आवरणाची जाडी आहे जेमतेम ५ नॅनोमीटर. एवढ्याशा अंतरात एवढा फरक, म्हणजे मीटरमागे ३ कोटी व्होल्ट! हवेत ठिणगी उडायला मीटरमागे सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. तुम्ही हे वाक्य वाचताय तेवढ्यात हा ताण तुमच्या अब्जावधी पेशी शांतपणे पेलताहेत.

तळ्यातलं मँगनीज पळवलं कुणी?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ओनायडा नावाचं तळं आहे. त्याच्या तळाशी लोह आणि मँगनीजचे गोळे पडलेले असतात. केनेथ नीलसन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला तिथे एक कोडं दिसलं. तळातलं घन मँगनीज विरघळून पाण्यात यायचा वेग नुसत्या रसायनशास्त्राच्या हिशेबात बसत नव्हता. कुणीतरी घाई करत होतं.

ते कोण, याचं उत्तर नीलसन आणि चार्ल्स मायर्स यांनी १९८८ मध्ये जाहीर केलं. गाळातला एक जिवाणू मँगनीज डायऑक्साइडवर आपले इलेक्ट्रॉन टाकत होता, म्हणजे त्या खनिजावर श्वास घेत होता. मँगनीज डायऑक्साइड तुमच्या ओळखीचं आहे. टॉर्चचा जुना सेल फोडल्यावर हात काळे करणारी ती भुकटी. सेलमध्येही ती हेच काम करते, इलेक्ट्रॉन घेण्याचं. जिवाणूने ही युक्ती आपल्या कितीतरी आधी शोधली होती.

या जिवाणूचं आजचं नाव शेवानेला ओनायडेन्सिस. आडनाव तळ्यावरून आणि पहिलं नाव जेम्स शेवान यांच्यावरून. ते मासळी का नासते याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते आणि या कुळातली मंडळी मासळी नासवण्यात पटाईत आहेत. ऑक्सिजन असला तर ऑक्सिजन, नाहीतर नायट्रेट, तेही नसलं तर लोह, मँगनीज. जे मिळेल त्यावर भागवणारा हा जीव आहे.

त्याच सुमारास डेरेक लव्हली यांनी वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळातून दुसरा नमुना शोधला. त्यांच्या परीक्षानळीत गंजाचा तांबूस गाळ होता. काही दिवसांनी तो काळा पडला आणि नळीला लोहचुंबक लावलं तर गाळ त्याच्याकडे ओढला गेला. गंजाचं मॅग्नेटाइट झालं होतं! हा होता जिओबॅक्टर. गंजाला इलेक्ट्रॉन देऊन त्याने आपला श्वास भागवला होता आणि बाहेर टाकलेला ‘उच्छ्वास’ होता लोहचुंबकाला चिकटणारा काळा दगड. विज्ञानाच्या इतिहासात माझ्या फार आवडीची अशी जी दृश्यं आहेत, त्यांत ही काळी पडलेली नळी वर आहे.

दगड नाकात जाणार कसा?

ऑक्सिजनचं एक बरं आहे, तो आपण होऊन पेशीत शिरतो. गंजाचा कण शिरत नाही. शिवाय या जिवाणूंभोवती दोन आवरणं असतात आणि दोन्ही विजेच्या दृष्टीने रबरासारखी बंद. मग इलेक्ट्रॉन बाहेर पोचवायचे कसे?

शेवानेलाची पहिली युक्ती म्हणजे भिंतीत बसवलेला बोल्ट. बाहेरच्या आवरणात एक पोकळ प्रथिन, त्या पोकळीत ओवलेलं दुसरं आणि बाहेरच्या तोंडाशी तिसरं. ओवलेल्या आणि बाहेरच्या प्रथिनांत प्रत्येकी १० हीम असतात. हीम म्हणजे लोहाचा अणू मध्ये धरून बसलेली चकती. आपलं रक्त लाल दिसतं ते याच चकत्यांमुळे. २० चकत्या जवळजवळ रचलेल्या आणि इलेक्ट्रॉन एकीवरून दुसरीवर उड्या मारत थेट भिंतीबाहेर. तिथे दगड टेकलेला असला की झालं.

दगड टेकलेला नसला तर दुसरी युक्ती. शेवानेला फ्लेविन नावाचे रेणू बाहेर सोडतो. ते इलेक्ट्रॉन घेऊन जातात, दगडावर टाकतात आणि रिकामे होऊन परत येतात, जणू गावाबाहेरच्या स्टेशनपर्यंत जाणारी टमटमच. यातलाच एक रेणू रायबोफ्लेविन, म्हणजे आपलं बी-२ जीवनसत्त्व. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ना, तो रंग याचाच.

तिसरी युक्ती: तार

२००५ मध्ये लव्हली यांच्या गटाने जाहीर केलं, की जिओबॅक्टरच्या अंगावरच्या केसासारख्या धाग्यांमधून वीज वाहते. धागे प्रथिनाचे! प्रथिन म्हणजे अंड्यातला पांढरा भाग, दुधातलं केसीन, आपली नखं. यातलं काहीही वीज वाहून नेत नाही. म्हणून खळबळ उडाली. हे धागे पिलिन नावाच्या प्रथिनाचे असावेत, असं तेव्हा मानलं गेलं.

चौदा वर्षांनी गोष्ट पालटली. येल विद्यापीठातले निखिल मालवणकर मुंबईच्या आयआयटीत भौतिकशास्त्र शिकले, मग अमेरिकेत डॉक्टरेट करताना जिओबॅक्टरच्या मागे लागले. २०१९ मध्ये त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या गटाने गोठवलेल्या नमुन्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हजारो चित्रं घेऊन धाग्याची रचना जवळजवळ अणूअणूपर्यंत उलगडली. आत पिलिन नव्हतंच. ओएमसीएस नावाचं सायटोक्रोम प्रथिन एकापुढे एक जोडलेलं होतं, प्रत्येकात ६ हीम आणि सगळ्या चकत्या धाग्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग. बाहेरून प्रथिनाचं वेष्टण, आतून लोहाची माळ. आपल्या घरातल्या वायरसारखीच रचना, फक्त जाडी ४ नॅनोमीटर, केसाच्या साधारण वीस हजाराव्या भागाइतकी.

लव्हली यांचा गट नंतरही पिलिनच्या बाजूने बोलत राहिला आणि हा वाद चांगला रंगला. मला त्यात आनंदच वाटतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका धाग्यासाठी तोलामोलाची माणसं वर्षानुवर्षं पुरावे गोळा करतात, एकमेकांना प्रश्न विचारतात आणि त्यामुळेच धागा अधिकाधिक स्पष्ट दिसत जातो. पुढे ओएमसीझेड नावाच्या, दर प्रथिनात ८ हीम असलेल्या दुसऱ्या तारेचा शोध लागला. ती पहिलीपेक्षा कितीतरी पटींनी चांगली वाहक निघाली.

तोंड खाली, नाक वर

आता या सगळ्या गोष्टींतली सर्वांत अचाट गोष्ट.

डेन्मार्कमध्ये ऑरहूस नावाचं बंदर आहे. तिथल्या विद्यापीठातले लार्स पीटर नील्सन खाडीतला काळा, दुर्गंधी गाळ प्रयोगशाळेत आणून ठेवत. गाळाचा वास कुजक्या अंड्याचा, हायड्रोजन सल्फाइडमुळे. पण काही दिवसांनी वरच्या थरातलं सल्फाइड नाहीसं व्हायचं. वरच्या पाण्यातला ऑक्सिजन काढून घेतला की खोलवरच्या थरात लगेच फरक दिसायचा, परत सोडला की परत. ऑक्सिजन गाळात मुरत मुरत एक सेंटिमीटरभर खाली जायचा तर त्याला बराच वेळ लागतो आणि वाटेत तो संपूनही जातो. निरोप मात्र लगेच पोचत होता. एवढ्या झटपट जाऊ शकते ती एकच गोष्ट: वीज.

२०१० मध्ये त्यांनी तसं लिहिलं, पण गाळात तार कुठली? ती सापडली २०१२ मध्ये. गाळ धुतल्यावर पांढरेशुभ्र, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक तंतू मिळाले. एकेक तंतू म्हणजे हजारो जिवाणूंची एकाला एक चिकटलेली रांग, लांबी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. पुरावा म्हणून केलेला प्रयोग तर फारच देखणा आहे. त्यांनी टंगस्टनची बारीक तार गाळातून आडवी ओढली, पनीर दोऱ्याने कापावं तशी. गाळ जागेवरच राहिला, तंतू तेवढे तुटले आणि खालचा सगळा कारभार थांबला.

या केबल जिवाणूंची जगण्याची वाटणी बघा. खालच्या टोकाच्या पेशी सल्फाइड खातात. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तंतूतून वर धावतात. वरच्या टोकाच्या मोजक्या पेशी ते ऑक्सिजनला देतात. म्हणजे खालचे जेवतात, पण श्वास घेत नाहीत; वरचे श्वास घेतात, पण जेवत नाहीत. एकाच जीवाचं तोंड खाली, नाक वर आणि मधे हजारो पेशींचं शरीर. आपल्या उंचीच्या प्रमाणात बोलायचं, तर जेवणारा जमिनीवर आणि त्याच्यासाठी श्वास घेणारा सह्याद्रीच्या सुळक्यांहून कितीतरी वर!

वीज वाहते ती तंतूच्या सालीखाली उभ्या धावणाऱ्या धाग्यांमधून. त्यांत निकेल सापडलंय. जीवशास्त्रात विजेच्या वहनासाठी सगळीकडे लोह किंवा तांबं भेटतं, निकेलचं हे काम पहिल्यांदाच समोर आलं. हे धागे वाहकतेत माणसाने बनवलेल्या वाहक प्लॅस्टिकच्या पंगतीला बसतात.

भाताची खाचरं पाहिलेल्यांसाठी एक खास बाब. पाणी तुंबलेल्या खाचरातून मिथेन सुटतो आणि हवामानाच्या दृष्टीने ही जगभरची डोकेदुखी आहे. २०२० मध्ये ऑरहूसच्या चमूने कुंड्यांत भात लावून त्यात केबल जिवाणू सोडले, तेव्हा मिथेनचं प्रमाण ९३ टक्क्यांनी उतरलं. हे जिवाणू सल्फाइडचं परत सल्फेट करतात आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्यांच्या तोंडचा घास पळवतात. हा प्रयोग कुंड्यांतला आहे, शेतातला नव्हे, पण वाट दिसलीय.

निळा पू

जुन्या काळी रुग्णालयांत काही जखमांची पट्टी निळी-हिरवी व्हायची. तो रंग स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूने सोडलेल्या पायोसायनिनचा. बराच काळ हे नुसतं विष मानलं जात होतं. कॅलटेकच्या डायान न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दाट वसाहतीच्या आतल्या, हवा न पोचणाऱ्या जिवाणूंसाठी ही टमटम आहे. इलेक्ट्रॉन घेऊन कडेला जायचं, ऑक्सिजनला द्यायचे, परत यायचं. असे रेणू बनवता न येणाऱ्या जिवाणूंची वसाहत मग काय करते? सुरकुत्या पाडते. पृष्ठभाग वाढला की हवा जास्त मिळते. फुप्फुसात बारीक पिशव्या असतात त्या याच हिशेबाने.

लिंबू, आवळा आणि हिराकस

इलेक्ट्रॉन पेशीबाहेर टाकणं ही जिवाणूंचीच मिरास नाही. आपणही ते करतो, रोज, जेवताना.

मेथीतलं, डाळीतलं लोह बहुतेक ‘फेरिक’ रूपात असतं, म्हणजे गंजाच्या जातीचं. आतड्याला हवं असतं ‘फेरस’. दोन्हींत फरक फक्त एका इलेक्ट्रॉनचा. लहान आतड्याच्या सुरुवातीला पेशींच्या आवरणात एक सायटोक्रोम असतं. ते पेशीच्या आतलं सी जीवनसत्त्व वापरून बाहेरच्या लोहाला तो एक इलेक्ट्रॉन देतं. जेवणातलं सी जीवनसत्त्वही बाहेरून हीच मदत करतं. पोह्यांवर लिंबू पिळणं, जेवणानंतर आवळा चघळणं, यात चवीबरोबर एका इलेक्ट्रॉनची देवघेवही असते.

शेतकऱ्यांना याची दुसरी बाजू ठाऊक आहे. चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाची कोवळी पानं पिवळी पडतात. जमिनीत लोह नसतं असं नाही, गंजाच्या रूपात गच्च असतं. भुईमुगाची मुळं त्याला बाहेरच्या बाहेर इलेक्ट्रॉन देऊन विरघळवू पाहतात, पण चुन्यापुढे त्यांची मात्रा चालत नाही. मग हिराकशीची फवारणी करतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉन आधीच हातात घेऊन आलेलं लोह!

आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी? न्यूट्रोफिल एखाद्या जंतूला गिळतो तेव्हा आवरणातलं एक प्रथिन पेशीच्या आतले इलेक्ट्रॉन त्या जंतूच्या पिशवीत अक्षरशः ओततं. ते ऑक्सिजनला मिळून सुपरऑक्साइड बनतं आणि जंतू मारायला मदत होते. या क्षणी पेशीचा ऑक्सिजनचा वापर एकदम भडकतो. ज्या मुलांमध्ये जन्मतःच हे प्रथिन बिघडलेलं असतं, त्यांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. एरवी कुणाला बाधणार नाही अशी बुरशीही त्यांच्या जिवावर उठते.

पोटातले विजेवाले

२०१८ पर्यंत समज असा होता, की हे वीजप्रकरण गाळातल्या, दगडातल्या जिवाणूंचं. मग कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या चमूने लिस्टेरिया या अन्नातून येणाऱ्या रोगजंतूत फ्लेविनवर चालणारी साधी, सोपी यंत्रणा शोधली. तिची जनुकं शेकडो जातींत निघाली. त्यांत आतड्यातले रहिवासी होते आणि आंबवलेल्या भाज्यांतले लॅक्टोबॅसिलसचे भाईबंदही. पुढे केल नावाच्या पालेभाजीचा रस आंबवताना त्यात इलेक्ट्रोड ठेवून पाहिला. जिवाणूंनी जादा इलेक्ट्रॉन त्यावर टाकले आणि रस लवकर आंबला.

२०२५ मध्ये टेक्सासच्या राइस विद्यापीठातून आणखी एक बातमी आली. ई. कोलाय हा जगातला सर्वाधिक अभ्यासलेला जिवाणू. त्यालाही, नॅफ्थोक्विनोन नावाचे छोटे रेणू सोबतीला मिळाले की ऑक्सिजनविना, विजेच्या इलेक्ट्रोडवर श्वास घेत वाढता येतं. शंभरहून अधिक वर्षं रोज सूक्ष्मदर्शकाखाली असलेल्या जीवाने हे गुपित जपून ठेवलं होतं.

यीस्टची वीज ते लघवीवरचा मोबाइल

वीज काढायचा पहिला प्रयत्न मात्र यापेक्षा खूप जुना. १९११ मध्ये इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. सी. पॉटर यांनी यीस्टच्या द्रावणात प्लॅटिनमचे तुकडे बुडवले आणि वीज मोजली, व्होल्टचा अंश. १९३१ मध्ये बार्नेट कोहेन यांनी असे अनेक सेल ओळीने जोडून ३५ व्होल्टपर्यंत मजल मारली. प्रवाह होता जेमतेम २ मिलिअँपिअर. मग विषय बराच काळ मागे पडला.

२००८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या संशोधकांनी पोटोमॅक नदीत हवामान मोजणारा एक तरंगता बोया गाळातल्या जिवाणूंच्या विजेवर चालवून दाखवला. एक इलेक्ट्रोड चिखलात, दुसरा पाण्यात, बास. जिओबॅक्टर पहिल्यांदा जिथे सापडला, तीच नदी. ब्रिस्टलच्या रोबोट प्रयोगशाळेने २०१३ मध्ये लघवीवर जगणाऱ्या जिवाणूंकडून मोबाइल चार्ज करवून घेतला आणि २०१५ मध्ये ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात मुतारीतले दिवेही त्यावर लावले. यातून शहरं उजळणार नाहीत, वीज फारच थोडी मिळते. पण जिथे सेल बदलायला माणूस जाऊ शकत नाही, त्या समुद्रतळाशी, किंवा जिथे रात्री शौचालयाच्या वाटेवर अंधार असतो, त्या छावण्यांमध्ये थोडी वीजही फार असते.

याच श्वासाने विष सुटतं, याच श्वासाने अडतं

इथे जरा थांबायला हवं, कारण ही गंमत नाही.

बंगालच्या त्रिभुज प्रदेशात, बांगलादेशात आणि आपल्या पश्चिम बंगालमध्ये, तळ्यांच्या घाण पाण्यातून होणाऱ्या हगवणीपासून लोकांना वाचवायला लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी स्वच्छ दिसत होतं. त्यात आर्सेनिक होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. कित्येक कूपनलिकांत त्याच्या कित्येक पट. तळहात खरखरीत झाले, अंगावर डाग उठले, पुढे कर्करोग. हिमालयातून वाहत आलेल्या गाळाच्या कणांवर गंजाचा मुलामा असतो आणि आर्सेनिक त्या गंजाला चिकटून बसलेलं असतं. मग ते पाण्यात उतरलं कसं? २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधला गाळ घेऊन दाखवलं, की त्यातल्या लोहावर श्वास घेणाऱ्या जिवाणूंना खाद्य मिळालं की आधी लोह विरघळतं, मागोमाग आर्सेनिक सुटतं. जिवाणूंनी काही वाईट केलेलं नाही, ते फक्त जगत होते. पण हे कळलं म्हणून कुठल्या खोलीवर, कुठल्या थरात पाणी घ्यायचं याचा विचार शास्त्राच्या आधारे करता येतो.

युरेनियमची गोष्ट बरोबर उलट. पाण्यात विरघळलेल्या युरेनियमला इलेक्ट्रॉन मिळाले की ते अविद्राव्य होऊन जागीच खाली बसतं. हे जिवाणू करू शकतात असं लव्हली यांनी १९९१ मध्ये दाखवलं. कोलोराडोतल्या रायफल गावी युरेनियमच्या जुन्या कारखान्याने भूजल दूषित झालं होतं. २००२ मध्ये तिथे जमिनीत ॲसिटेट, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लाचं रूप, सोडलं. जिओबॅक्टरची संख्या उसळली आणि पाण्यातलं युरेनियम उतरू लागलं. सुमारे पन्नास दिवसांनी गंज संपत आला, सल्फेटवाल्या जिवाणूंनी ॲसिटेटवर ताबा मिळवला आणि युरेनियम पुन्हा थोडं वर चढलं. जमिनीखालच्या या लोकवस्तीला नुसतं खाऊ घालून भागत नाही, पंगतीत कोण बसलंय हेही बघावं लागतं.

झटपट काही

इलेक्ट्रॉन बाहेर टाकणारे असतात, तसे बाहेरून घेणारेही. समुद्राच्या गाळातले काही जिवाणू थेट लोखंडातून इलेक्ट्रॉन ओढतात, त्यामुळे हवेचा स्पर्शही नसलेले पाइप आतून-बाहेरून झिजतात.

र्‍होडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस नावाचा जांभळट जिवाणू उजेडात इलेक्ट्रोडमधून इलेक्ट्रॉन घेतो आणि कार्बन डायऑक्साइडपासून आपलं अंग वाढवतो. यावरचं महत्त्वाचं काम सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्पिता बोस यांनी केलंय.

जिओबॅक्टरच्या दोन जाती एकत्र ठेवल्या तर एक खाते, दुसरी तिच्याकडून तारेने इलेक्ट्रॉन घेते, असं २०१० मध्ये दिसलं. २०१४ मध्ये मिथेन बनवणाऱ्या जीवांशीही जिओबॅक्टरचं असंच जुळतं हे कळलं. म्हणून गोबर गॅससारख्या टाक्यांत बारीक कोळसा किंवा मॅग्नेटाइट घालून पाहतात. ते वाहक कण या जीवांमधल्या तारेचं काम करतात.

काडी लावून बघा

हे सगळं डेन्मार्कला, ओनायडाला जाऊनच बघायचं असं नाही. पावसाळ्यात कोकणात, जांभ्याच्या मुलखात जा. लाल मातीचा तो लाल रंग म्हणजे गंजच. त्याच मातीच्या खाचरात महिनाभर पाणी तुंबलं की हात घालून तळाचा चिखल वर काढा. तो लाल नसतो, करडा-निळसर असतो. लोहावर श्वास घेणाऱ्यांनी गंज विरघळवलेला असतो.

मग बांधाच्या कडेला जिथे पाणी झिरपून साचलंय, तिथे बघा. तळाशी नारिंगी साय आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग. कुणीतरी पंपाचं डिझेल सांडलं, असं पहिल्यांदा वाटतं. लहानपणी आम्हालाही तसंच वाटायचं. एक काडी घ्या आणि तवंगाला हळूच टोचा. डिझेल असेल तर तो बाजूला सरून, गोल फिरून परत मिळून येतो. पण फुटक्या काचेसारखे कोनदार तुकडे झाले आणि ते तसेच वेगवेगळे तरंगत राहिले, तर ते लोह आहे. खालच्या अंधारात जिवाणूंनी इलेक्ट्रॉन देऊन विरघळवलेलं, पाण्याबरोबर वर आलेलं आणि हवा लागताच पुन्हा गंज होऊ लागलेलं.